कानार म्हणजे बदक

चिंचणी
१२ जानेवारी २०२५

चि. तेजल हिस जमनाआत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र हंसाच्या टोपलीतून येत आहे, तेव्हा वासाबद्दल आधीच माफ कर. ती बोईसरच्या बाजारात मासे घेऊन बसते आणि तुझी सरावलीची खोली तिच्या वाटेवर पडते. फोन केला असता, पण मला कमी ऐकू येतं, स्पीकर लावावा लागतो, आणि मग आपल्या घरचा विषय ऐकून अख्खी आळी सल्ला द्यायला दारात येते.

विषय भावेशचा आहे. तुमच्या कंपनीचं ते मोठं फ्रेंच गिऱ्हाईक माल घेणं बंद करणार आणि भावेशचं पावडर पॅकिंगचं खातं बंद पडणार, असं इथे सगळे बोलतात. ही नोकरी मिळावी म्हणून मी ठेकेदाराच्या दारात किती वेळा उभी राहिले ते तुला ठाऊक आहे. पर्मनंट झाला तेव्हा आळीत पेढे वाटले होते. होडीवर तुझ्या काकांचे गुडघे गेले, मुलाचे जाऊ नयेत, एवढंच माझं मागणं होतं. भावेश स्वतः काही विचारत नाही. खोकतो, जेवतो, झोपतो. तू ऑफिसात बसतेस, त्यावर फ्रेंच शिकतेस. तर त्या लोकांच्या मनात काय आहे ते वाचून मला कळव. मागच्या परीक्षेत तू वाचनातच नापास झालीस हे मी विसरले नाही, पण घरात दुसरं कोणी तेवढंही शिकलेलं नाही.

काकांचा आशीर्वाद. प्रकृतीला जप आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जमनाआत्या

---

सरावली
२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सौ. जमनाआत्यास तेजलचा शि. सा. न. वि. वि.

टोमणा पोचला, वासासकट. पण मागच्या वेळी मी नापास का झाले ते आता कळलं आहे. मी प्रत्येक शब्द डिक्शनरीत शोधत बसायचे. परीक्षेत एका चीजवाल्या म्हातारीची गोष्ट होती. तिच्या दुकानाची पायरी चढून आत जाईपर्यंत वेळ संपली. पालघरच्या रविवारच्या क्लासमधल्या रुचिता मॅडम म्हणतात की हा नवशिक्यांचा रोग आहे. मधल्या पातळीवर आल्यावर ओळखीचे शब्द पकडायचे, बाकीचा अर्थ संदर्भाने लावायचा आणि वाचलेलं कोणाला तरी आपल्या भाषेत सांगायचं. मोबाईलवर भाषांतर करून घेणाऱ्याला त्या सरळ वर्गाबाहेर काढतात. तेव्हा माझं सांगणं ऐकायला मी तुला नेमलं आहे.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरात फ्रान्सहून लोराँसाहेब आले होते, त्यांची मेल आली. मॅनेजरसरांनी मला सरावासाठी तिची छापील प्रत दिली. डिक्शनरी न उघडता मी ती वाचली आणि इतकी सरळ समजली की माझाच विश्वास बसेना. ‘ब्रुई’ म्हणजे आवाज, ‘फेर्मे’ म्हणजे बंद करणे, आणि ‘कानार’ म्हणजे बदक. म्हणजे, आत्या, बातमी खरी आहे. कारखान्याच्या आवाजाची काहीतरी तक्रार आहे आणि ते खरेदी बंद करत आहेत. लिहिताना मलाही रडू आलं.

बदकाचं तुला कोडं पडेल, मला पडलं नाही. नोव्हेंबरात त्यांना हॉटेलात तळलेले बोंबील खायला घातले होते. मेनूकार्डावर ‘बॉम्बे डक’ लिहिलेलं, मी त्याचं ऐटीत ‘कानार द बॉम्बे’ केलं, आणि साहेब बराच वेळ ताटात बदक शोधत होते. तेव्हा जाता जाता त्यांनी बोंबलांची आठवण काढली आहे, उघड आहे. महिनाअखेरीस ते एकदा यायचे आहेत. चांगले सुके बोंबील पाठव. निरोप तरी रीतीने देऊ.

भावेशला कॅन्टीनमध्ये मेल दाखवली, एकेका शब्दाखाली पेन्सिलीने खूण करून समजावली. त्याने शांतपणे ऐकलं, काकांना दाखवायला म्हणून फोटो काढून घेतला.

वडीलधाऱ्यांना नमस्कार. राग न धरता दोन ओळी लिहाव्यात.

तुझी,
तेजल

---

चिंचणी
९ फेब्रुवारी २०२५

चि. तेजल हिस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी चुलीपाशी बसून रडले. मग डोळे पुसले आणि भावेशला बोलावलं. त्याला म्हटलं, हाकलून देण्याआधी आपणच निघावं, मानाने. उद्याच राजीनामा दे आणि बापाच्या होडीवर जा. हे माझ्या तोंडून निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो एक अक्षर उलटं बोलला नाही. इतका गुणी मुलगा, आणि त्याच्या नशिबी हे. शुक्रवारी त्याने कागद दिला.

बोंबील हंसाबरोबर पाठवले आहेत. ज्या माणसाने माझ्या मुलाची नोकरी घेतली त्याला मी बोंबील देते आहे, हे तुझ्या काकांना पटलं नाही. मी म्हटलं, तो जन्मभर आठवण काढील असेच निवडून दिले आहेत.

तुझ्या वाचनाची प्रगती पाहून बरं वाटलं, असं लिहायला पाहिजे. लिहिते. बाकी तू सुखी राहा, आत्याला विसरू नको.

जमनाआत्या

---

सरावली
२ मार्च २०२५

ती. स्व. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचताना बसून घे. काका जवळ असले तर बरं.

लोराँसाहेब येऊन गेले. मी सगळ्यांदेखत बोंबलांची पिशवी त्यांच्यापुढे ठेवली आणि फ्रेंचमध्ये म्हटलं की हे तुम्ही मागितलेलं बदक. साहेबांनी मॅनेजरसरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. मग सरांनी मेलची ती ओळ मला वाचून दाखवली. फ्रेंचमध्ये ‘आवाज पळतो’ म्हटलं की त्याचा अर्थ आवई उठली आहे असा होतो. आणि कानार म्हणजे बदक खरंच, पण थाप मारली तर तिलाही कानारच म्हणतात. साहेबांनी लिहिलं होतं की आम्ही तुमच्याकडून खरेदी बंद करणार अशी आवई उठली आहे, ती निव्वळ थाप आहे, काळजी नसावी.

आत्या, काहीही बंद होत नाही. उलट ऑर्डर वाढली आहे. भावेशच्या जागी गेल्या आठवड्यात दुसरा माणूस घेतला. मला एकूण एक शब्द येत होता आणि मी ओळ उलटी वाचली. साहेब हसले, बोंबील बॅगेत भरून घेऊन गेले, जाताना दार उघडून धरल्याबद्दल मला धन्यवादही म्हणाले. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. भावेशला कोणत्या तोंडाने सांगू? तू म्हणशील तेव्हा येऊन त्याच्या पाया पडते. काल परीक्षेचा निकाल लागला. वाचनात मी वर्गात पहिली आले. याच्यावर काही लिहू नकोस.

तुझ्या मायेची लायकी उरलेली नसताना ती मागणारी,
तेजल

---

चिंचणी
६ मार्च २०२५

चि. तेजल हिस आशीर्वाद, वि. वि.

एक दिवस तुझं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी काढलं, ते कशा शब्दांत ते हंसाला विचार. आता राग उतरला आहे. तुला मारून त्याची नोकरी परत येणार नाही.

आता नीट वाच, एकही शब्द सोडू नकोस. भावेशला यातलं काही कळता कामा नये. राजीनामा दे असं मी सांगितलं होतं, तू नाही. नोकरी शाबूत होती आणि आईने ती हातातून काढून घेतली, हे त्याला कळलं तर तो मला काही बोलणार नाही, आणि तेच मला सोसवणार नाही. म्हणून जेवताना मी त्याच्यापुढे कंपनीला आणि त्या साहेबाला मोठ्याने शिव्या घालते, म्हणजे त्याला पश्चात्ताप होऊ नये. साहेबाचा काही दोष नाही, पण तो दूर आहे.

एक सांगते. त्याचा खोकला थांबला आहे. तुझे काका एवढंच म्हणाले, “पोर हासतंय होडीवर, बरं हाय.” घरी मात्र तोंड पाडून बसतो. नोकरीचं दुःख अजून गेलेलं नाही बिचाऱ्याचं. मी भाकरी जास्त वाढते आणि त्याच्याकडे बघत नाही.

पत्र फाडून टाक. जीव लावतेस तसाच लाव, फक्त अर्थ लावू नकोस.

जमनाआत्या

---

चिंचणी
१५ मार्च २०२५

प्रिय तेजल, स. न. वि. वि.

माझा फोन खाडीत पडला, म्हणून पत्र. हंसामावशीकडे दिलं असतं तर आधी आईच्या हाती गेलं असतं, म्हणून पोस्टात टाकतो आहे.

ऑफिसातल्या लोकांनी बोंबलांची गोष्ट सांगितली. तू मला तोंड दाखवायला लाजतेस असं ऐकलं, म्हणून लिहितो, मनाला लावून घेऊ नकोस. तू कॅन्टीनमध्ये पेन्सिलीने खुणा केल्यास ना, त्याच दुपारी मी फोटो मोबाईलला दाखवला आणि त्याने सगळं मराठीत सांगून टाकलं. आवई, थाप, काळजी नसावी. तुझ्या मॅडमनी मला वर्गाबाहेर काढलं असतं. मोबाईलच चुकला असेल या आशेने मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण नोकरी जाणार नव्हती.

ती पावडर मला नकोशी झाली होती, तेजल. पण आईने पेढे वाटलेल्या नोकरीला मी लाथ कशी मारू? तुला खरं सांगायला रविवारी खोलीवर येणारच होतो. त्याआधीच आईने मला समोर बसवलं आणि म्हणाली, “बापाच्या होडीवर जा.” चार वर्षं हे वाक्य ऐकायला कान आसुसले होते. मी तुझं फ्रेंच सुधारायला गेलो नाही.

आता आई रोज जेवताना कंपनीला शिव्या घालते. मी मान खाली घालून दुःखी चेहऱ्याने ऐकतो. दिवसभर होडीवर हसल्यावर तो चेहरा आणणं सोपं नाही, पण जमतं. आणखी कोणाला नाही, पण तुला सांगतो, मी फार सुखात आहे.

एक कर. तिच्याजवळ यातलं काही बोलू नकोस. नोकरी सुरक्षित होती आणि तरी मी सोडली, हे कळलं तर ती खचेल. आई भाबडी आहे गं, तिला समोर दिसतं तेवढंच कळतं. लोभ आहेच, तो गुपचूप वाढवावा.

तुझा भाऊ,
भावेश