पहिली पसंती पाणबुडे

दादा,

नमस्कार करतो, पण दात-ओठ खात. मी बरा आहे, जेवण पोटभर मिळतं, आईला तेवढंच सांग. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

भरतीच्या अर्जात मी पहिली पसंती पाणबुडे कमांडोंना दिली होती. काल साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुझ्या भावाचा फोन आला होता. म्हणाला, याला पाण्याची भीती वाटते, माझ्या जुन्या छत्रीधारी तुकडीत घ्या. भरती तुझी आहे की त्याची?" सगळे फिदीफिदी हसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

विमानातून उड्या मारून तू गुडघा घालवलास, तेव्हा तुला अडवायला कोणी तुझ्या साहेबांना फोन केला होता? लहानपणी विहिरीत बुडताना तू मला केस धरून वर काढलंस, ते मी विसरलेलो नाही. पण आता एकवीस वर्षांचा झालो, केस सोड की रे!

"पाणबुडेच," मी साहेबांना म्हणालो. त्यांनी लगेच हात मागे बांधून पोहण्याच्या तलावात उतरवलं. भीती वाटलीच, खोटं कशाला सांगू? तरी तळाशी टाकलेली चकती दातांत धरून वर आलो. निवड झाली.

वहिनीला कितवा महिना? गुडघा अजून सुजतो का? उत्तर दे, पण पुन्हा साहेबांना फोन केलास तर याद राख.

आज भरलेल्या कागदात 'बरंवाईट झाल्यास कोणाला कळवावे' असा रकाना होता. रागारागानं तुझंच नाव लिहिलं.

तुझ्यावर चिडलेला,
धाकटा