मलिद्यापुढे दिलेला शब्द

अश्दोद, इस्रायल, २ जुलै २०२३

ती. इलानाताईस इसाजीचा शालोम आणि सा. न.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. माझी लाडकी नात लियोरा घर सोडून गेली. म्हणजे, मीच जा म्हटलं. इथल्या सरकारला कोर्टाचे अधिकार कमी करायचेत, त्याविरुद्ध दर शनिवारी शब्बाथची विश्रांती संपली की ही पोरगी झेंडा घेऊन रस्त्यावर! मी म्हणतो, लोकांनी निवडून दिलेलं सरकार आहे, त्याला काम करू द्या. ती म्हणते, मग सरकार चुकलं तर त्याला अडवणार कोण? शेवटी चिडून मी नियमच केला, मोर्चाला जाणाऱ्याला या घरात जागा नाही. आता ती मैत्रिणीकडे आहे आणि माझा फोन उचलत नाही.

तिचे आईबाप लांब दिमोनाला, तिची आजी गेलेली, घरात मी एकटा. पनवेलची आजी ठरवेल ते मानेन, असा तिने निरोप धाडलाय. मीही कबूल आहे. तू जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलंस, शिवाय माझी सख्खी बहीण. तेव्हा तिला नीट समजाव.

लोभ आहेच, तो निकालातही दिसू दे.
तुझा इसाजी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल, ७ जुलै

चि. इसाजीस अनेक आशीर्वाद.

कपाळ माझं! न्यायाधीश नेमतोस आणि निकालही सोबत पाठवतोस? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भावेशभाई अगदी तुझ्यासारखे. पार्किंगचा नियम त्यांनी केला, गाडीला साखळी त्यांनीच लावली, तक्रार घेऊन गेलं तर ऐकायला खुर्चीत पुन्हा तेच. त्यांच्याशी भांडून माझा घसा बसलाय, त्यात तुझी भर.

लियोराशीही बोलले. सरकार बरोबर की ती, हे मी सांगणार नाही. ते तुमच्या देशाचं तुमचा देश बघेल. माझ्यापुढे प्रश्न एवढाच, की तिला घराबाहेर काढायचा अधिकार तुला होता का? नव्हता. ती कॉलेजसाठी आली तेव्हा आपल्या संदेष्ट्याच्या, एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचं ताट मांडून, सगळ्या कुटुंबासमोर तू शब्द दिलास, की शिक्षण होईपर्यंत हे घर तिचं. त्या शब्दाच्या वर तुझा कुठलाही नियम जात नाही. म्हणून हा नियम रद्द. जेवायला कधी यायचं, दिवे कधी मालवायचे, हे तू खुशाल ठरव, त्यात मी नाक खुपसणार नाही.

राग आवर, गोळ्या वेळेवर घे आणि माया असू दे.
तुझी ताई

अश्दोद, ११ जुलै

ती. ताईस सा. न.

निकाल साफ चुकीचा! शब्द दिला तेव्हा हे मोर्चे होते का? घर माझं, आणि तू पनवेलला पंख्याखाली बसून ते चालवणार? आजपासून नवा नियम. या घरातली भांडणं पनवेलला जाणार नाहीत, आणि गेली तरी तुझा निकाल मला लागू नाही. आता काय करशील?

तुझाच, पण भयंकर रागावलेला,
इसाजी

नवीन पनवेल, १३ जुलै

चि. इसाजीस आशीर्वाद, तरीही.

काय करणार? काही नाही. माझ्याकडे ना पोलीस, ना काठी. नुसता शब्द आहे, आणि तो तू मानलास तरच त्याला वजन. वर्गात पोरं दरवर्षी हेच विचारायची, बाई, सरकारने कोर्टाचं ऐकलंच नाही तर? मी म्हणायचे, ऐकतात रे. पुस्तकात एवढं ठामपणे लिहिलेलं नव्हतं, तरी मी म्हणायचे. आणि माझा सख्खा भाऊ असा निघावा!

वैताग आलाय मला तुझा. मन लावून विचार केला होता रे मी, तुझ्याही बाजूने केला होता. आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या टेबलाशी एकटाच बसून किद्दुशची प्रार्थना म्हणत असशील, या विचाराने इथे मला घास जात नाही. पोरीला गमावून बसशील.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल, पण जेवत जा.
तुझी ताई

अश्दोद, १५ जुलै

ती. ताईस इसाजीचा शालोम आणि सा. न.

निकाल मला मान्य नाही. आजही नाही. काल दुपारी लियोराच्या मैत्रिणीच्या दारात उभं राहून मी तसं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, तुझी पनवेलची आजी चुकली आहे, तूही चुकते आहेस, चल घरी. ती म्हणाली, निकाल चुकीचा वाटतो तर न्यायला कशाला आलात? मी म्हटलं, निकाल आहे म्हणून. मग ती रडायला लागली आणि माझीही पंचाईत झाली. तिची बॅग मीच उचलली. काय भरते त्यात ही मुलगी, कंबर मोडली माझी.

किद्दुश आम्ही दोघांनी म्हटलं. आज शब्बाथ संपल्यावर ती पुन्हा मोर्चाला गेली. मी अजून चिडलेलाच आहे. दाराची कडी काढून ठेवली आहे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
इसाजी