उकळल्याशिवाय एक थेंब नाही

९ फेब्रुवारी १९७४, जिंतूर
ठरलं. पुढच्या रविवारी चारठाण्याला मुलगी बघायला पायी जायचं, डोंगरानं. एस.टी.नं कुणीही जातं. मी हायकर आहे. (अजून कुठं गेलेलो नाही, पण वृत्ती तीच.) माय म्हणाली, सोयऱ्याच्या दारात घामाघूम जाणार का रे बाबा? मायला हायकिंग कळत नाही.

११ फेब्रुवारी
मासिकात लेख वाचला. रानातलं पाणी दिसायला नितळ, आत जंतूच जंतू. परदेशातले हायकर उकळल्याशिवाय तोंडात घेत नाहीत. मी तर आरोग्य खात्यातला क्लार्क! प्रतिज्ञा: घराबाहेर उकळल्याशिवाय एक थेंब नाही. हे स्थळ आणणारे बन्सीधरमामा सोबत येणार आहेत. म्हणाले, आमी जल्मभर वढ्याचंच प्यालोत, काय झालं? वाद घातला नाही. अज्ञान.

१३ फेब्रुवारी
मुलीचा फोटो आला. मनकर्णा. मॅट्रिक फर्स्ट क्लास. डोळे लय हुशार. ऑफिसच्या फाइलीत ठेवला आणि साहेब उठले की काढून बघितला. हीच. दुसरी बघायची नाही.
प्रॅक्टिस म्हणून घागरभर पाणी उकळलं. रॉकेल संपलं. माय जे बोलली ते इथं लिहीत नाही.

१७ फेब्रुवारी, सकाळ
उकळलेल्या पाण्याची एक बाटली मी संपवली. दुसरी मामांकडं सांभाळायला दिली होती. त्यांनी त्या पाण्यानं पाय धुतले.

त्याच दिवशी, दुपार
ऊन मरणाचं. ओढा लागला. काटक्या गोळा केल्या, पातेलीत पाणी उकळलं. ते प्यावं तर जीभ पोळते. निवायला ठेवलं, तर एका शेळीनं पातेली लवंडली. शेवटी ओंजळीनं प्यालो. वाहत्या पाण्यात जंतू थांबत नाहीत, हा माझा स्वतःचा शोध. पोटभर प्याल्यावर वरच्या अंगाला म्हशी बसलेल्या दिसल्या. मामा नुसते हसायलेत.

संध्याकाळ, एस.टी.त
कार्यक्रम उत्तम! मनकर्णा पाण्याचा तांब्या घेऊन आली. फोटोपेक्षा चांगली. मी हात न लावता सगळ्यांसमोर जंतूंवर बोललो. कॉलरा, टायफॉइड, नारू, सगळं. म्हणालो, असलं पाणी मी घेत नाही. ती दोनदा काही सांगायला गेली, पण लाजली असावी. मामा खाकरत होते. मुलीचे वडील व्यंकटराव तर भारावून उठूनच गेले. चहा घेतला असता, तो उकळलेला असतो. पण आलाच नाही. गडबडीत विसरले असतील.

१८ फेब्रुवारी
पोट बिघडलं. एस.टी.च्या धक्क्यांनी. रजा.

१९ फेब्रुवारी
पोट तेच. तांब्या घेऊन ये-जा. होकार आला की साखर वाटायची. माय म्हणाली, आधी उठून बस.

२४ फेब्रुवारी
मामा आले. नकार. नकार म्हणजे आपलाच, म्हणे! दारात आलेल्यानं पाणी नाकारलं की सोयरीक नाकारली. एवढं शिकून हे ठाऊक न्हाई का, असं व्यंकटराव म्हणाले.
मी म्हणालो, पण जंतू?
मामा म्हणाले, गाढवा, तुझं खूळ म्या आधीच कळवलं होतं. पोरीनं पहाटे उठून पाणी उकळलं, फडक्यानं गाळलं, निववलं. तेच तांब्यात होतं.
मग सांगितलं का नाही?
म्हणाले, तू कुणाला बोलू दिलंस?

२५ फेब्रुवारी
ऑफिसला गेलो. फोटो परत पाठवायचा आहे. आज नाही जमणार.

१० मार्च
मनकर्णाचं जमलं. मानवतचा मुलगा, कापसाच्या पेढीवर असतो. मामा सांगत होते, पोरानं आल्या आल्या तांब्या तोंडाला लावला, एका दमात रिकामा केला आणि तिच्याकडं बघून आणखी मागितलं.
त्याच्यासाठीही तिनं उकळलं होतं का, हे मामांना विचारणार होतो. नाही विचारलं.