कुटुंबप्रमुख जाहिराती बघतात

कोथरूड, पुणे
३ जून २०२५

चि. सलिल यास अ. उ. आ.

काकांच्या पंचाहत्तरीला तू दिलेला तुझ्या कंपनीचा टीव्ही सुरेख आहे, पण लेखी तक्रार करणं भाग आहे. हा आपल्याकडे बघतो! जाहिरात लागली की समोरच्या प्रत्येकाने पडद्याकडेच पाहायचं. मान वळली, ओठ हलले, की जाहिरात थांबते. काल ह्यांना शिंक आली, तर साबणाची जाहिरात पहिल्यापासून लागली.

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, आणि आम्ही बोलतो ते जाहिरातींतच. बातम्यांत बोललेलं ह्यांना खपत नाही, मालिकेत मला. आता दहा दिवस भांडण नसताना अबोला आहे. मला करमत नाही रे.

उपाय पत्रानेच कळव. मोबाइलवरचं उत्तर मी उत्तर धरत नाही.

तुझी,
वासंतीकाकू

*

खराडी
९ जून

ती. सौ. काकूस सा. न. वि. वि.

लाज वाटते, पण ते नजर तपासणारं काम माझ्याच टीमचं आहे. बंद करता येत नाही. मात्र सेटिंगमध्ये 'कुटुंबप्रमुख' म्हणून एक चेहरा नोंदवता येतो. तो बघत असला की बाकीच्यांना सूट. काकांचा नोंदव, तू मोकळी होशील.

तुझं पत्र वाचून तुझी सून अवनी म्हणाली की आपल्याकडे तर जाहिराती नसतानाही कोणी बोलत नाही.

राग सोडून लोभ तेवढा ठेव.

तुझा,
सलिल

*

कोथरूड
१४ जुलै

चि. सलिल यास अ. उ. आ.

मी मोकळी होऊन बोलू कुणाशी, भिंतीशी? हे म्हणाले, की या घराचे प्रमुख आपण कधी झालो, वीजबिल अजून आबांच्याच नावाने येतं. मग तुझ्या आजोबांची तसबीर उतरवली, डोळ्यांवर येणारा चंदनाचा हार काढला आणि टीव्हीपुढे धरली. टीव्हीने नाव विचारून 'नमस्कार, दत्तप्रसादजी' म्हणत नोंद करून घेतली. हयातीत आबांनी टीव्ही घरात येऊ दिला नव्हता. आता खुर्चीत बसून सगळ्या जाहिराती बघतात.

परवा तुमच्या कंपनीचं पत्र आलं. महिनाभर पापणीही न लववता जाहिराती पाहिल्याबद्दल आबांचा सत्कार ठरलाय. ह्यांनी उलट टपाली कळवलं, की मालिकेच्या वेळेत त्यांना सोडता येणार नाही.

आबा बसल्यावर पहिल्याच जाहिरातीत हे म्हणाले होते, की ते अबोल्याचे दिवस फार वाईट गेले. सत्तेचाळीस वर्षांत असं प्रथमच बोलले. काल तर मालिका सुरू झाली तरी आम्ही बोलतच होतो. कथेत काय झालं ते आता आबांनाच ठाऊक.

रविवारी अवनीला घेऊन ये. जाहिराती आबा बघतील, तुम्ही दोघं बोला.

आशीर्वाद आहेतच, येणं तेवढं तुझ्याकडे.

वासंतीकाकू