पांढरा दिवाच पाहिजे

राजुरा, १३ डिसेंबर २००५

घरात सगळे एकच म्हणून राह्यले, "सलमा, डोळे गेले तुझे, शिलाई सोड." जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, तर माझ्या मशीनले गिऱ्हाईकही पाहून ठेवलं. मले न विचारता!

आज मी एकटीच बाजारात गेली. दुकानदारानं दोन सीएफएल दिवे लावून दाखवले, एक पिवळा, एक पांढरा. म्हणे, "बाई, घरासाठी पिवळा न्या, डोळ्याले बरा वाटते."

मी पिशवीतून काळं अन् गडद निळं रीळ काढलं. पिवळ्याखाली दोन्ही दोरे काळेच दिसले. पांढऱ्याखाली निळा दोरा चांगला निळा दिसला. मग डोळे गेले काऊन म्हणतात हे लोक? घरात तर आजवर पिवळाच बल्ब होता! तो निळा दोरा दिसला तेव्हा दुकानातच हसू आलं मले.

पांढराच आणला. मशीनच्या वर लावला, दिव्यावरची जुनी रंगीत काचेची टोपीही काढून टाकली.

जेठ ओरडले, "घराचा दवाखाना केला!"

मी निळा दोरा घेतला, त्यांच्यासमोर सुईत ओवला. पहिल्याच खेपेत.

"भाईजान, गिऱ्हाईकाले नाई म्हणून सांगा. मशीन माझी हाय."

ते काही बोलायच्या आधी मी मशीन चालू केली.