उलट खूण

आप्पा, त्या दिवशी तुम्ही टाकीवर का चढलात हे मला माहीत आहे. पंपघरातल्या वहीत तुम्हीच ते लिहून ठेवलं होतं. माहीत नाही ते एवढंच, की तुम्हाला ती खूण दिली कोणी. मी ते शोधलं. जेवढं हाती लागलं तेवढं क्रमाने लिहिते, कारण अर्धवट सांगितलेलं तुम्हाला चालत नसे.

गावाची पाण्याची टाकी टेकडीवर, पंपघर खाली दारणा नदीच्या काठी, मध्ये पाऊण किलोमीटर द्राक्षबागा. पंप तुम्ही चालवायचा आणि टाकी भरली की वरून कोणीतरी सांगायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. शाळा सुटल्यावर मी टेकडी चढते, दप्तर टाकीच्या खांबाशी टेकवते आणि वरच्या जादा पाण्याच्या पाइपकडे बघत बसते. त्यातून धार लागली की टाकी भरली. मग आईचा कडेला फुटलेला आरसा उन्हात धरून मी पंपघरावर कवडसा पाडते. खालून तुमच्या जेवणाच्या डब्याचं झाकण चमकतं. ती उलट खूण. ती दिसली की मी पुन्हा एकदा आरसा फिरवते आणि त्यानंतरच तुम्ही पंप बंद करता. ढग असले की हेच सगळं लाल फडक्याने.

एकदा मी आरसा दाखवला आणि झाकण चमकायची वाट न बघता खेळायला पळाले. तासाभराने टेकडीखालच्या शेताचा मालक पंपघराशी येऊन ओरडत होता, कारण त्याचं कांद्याचं रोप वाहून गेलं होतं. तुम्ही त्याच्यापुढे हात जोडले. तो गेल्यावर मी म्हणाले, "मी खूण दिली होती."

"दिलीस. मी घेतली का नाय, ते पाहिलंस?" तुमच्या हाताला ग्रीस होतं. "मी मोटरीत मुंडकं घालून बसलो होतो. उलट खूण आल्याबिगर खूण झाली असं समजायचं नाय. ध्यानात ठेव."

तुम्ही मारलं नाहीत. आवाजही चढवला नाहीत. म्हणून ते लक्षात राहिलं.

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षी मी खुणेचे दोन डबे बनवले, एक टाकीवर, एक पंपघरात. सुटे भाग नाशिकच्या रविवार कारंजावरून आणले होते. टाकीत एक तरंगता गोळा. पाणी वर आलं की तो उचलला जातो, खटका मिटतो आणि टाकीवरचा डबा बिनतारी खूण पाठवायला लागतो. पंपघरातल्या डब्यावर लाल दिवा लागतो. गोळा खाली आला की दिवा विझतो. चालू आणि बंद, बाकी काही नाही. मध्ये आडवं काही नव्हतं, त्यामुळे तेवढं अंतर निभावत होतं. पहिल्या दिवशी दिवा लागला तेव्हा नळावरच्या बायका पंपघराच्या दारात जमल्या होत्या. "काय आप्पा, पोरीनं टाकीला फोन लावून दिला का? आता आमच्या सासवांनाबी एकेक बसवून द्या, सासू दारात यायच्या आधी दिवा लागंल, पदर घ्यायला!" तुम्ही हसलात, आणि त्या गेल्यावर मला विचारलंत, "आन् माझी उलट खूण कुठून जाणार?"

"ती लागत नाही आप्पा. पाण्याचा खटका आहे, माणूस नाही. उत्तर कोणाला देणार?"

"मंग मुका हाय तुझा दिवा." पुढे तुम्ही विचारलंत, "दुसऱ्या कुणाचा डबा बोलला तर?"

मी तुम्हाला आठ बारीक खटक्यांची पट्टी दाखवली. ते वर-खाली करून क्रमांक ठरवायचा, दोन्ही डब्यांत सारखा. दोनशे छप्पन क्रमांक होतात. आपला क्रमांक दुसऱ्याकडे असण्याची शक्यता फार कमी, असं मी सांगितलं. "मंग तू ठरवलास आपला?" "हो," मी म्हणाले. ठरवला नव्हता. आठही खटके दुकानातून आले तसेच खाली होते. चाचणी तशीच झाली होती, डबा बंद करून स्क्रू आवळले होते, आणि चाललेल्या गोष्टीला पुन्हा हात लावायचा मला कंटाळा आला होता.

त्यानंतर आठ महिन्यांनी, भाद्रपदात, तुम्ही टाकीच्या शिडीवरून पडलात ते गेलातच. मी तेव्हा सातपूरला एका कारखान्यात पॅनेल तपासायच्या कामाला लागले होते. मी पोचले तेव्हा वही उघडीच होती. तुमचं अक्षर. ३.१० चालू. ३.४५ बंद. त्याच्यापुढे, एरवी तुम्ही लिहीत नसा असं वाक्य: दिवा लागला, पस्तीस मिनिटांत टाकी भरणं शक्य नाही, वर बघून येतो. तुमच्या खिशात पंपाचा फ्यूज होता. माघारी कोणी पंप चालू करू नये म्हणून तुम्ही तो नेहमी काढून घेत असा. दुसऱ्या दिवशी मी त्याच शिडीने वर गेले. टाकी अर्धीही भरली नव्हती. गोळा सरळ खाली लोंबत होता, तारा कोरड्या होत्या, डबा गप्प होता. खाली उतरले तेव्हा खांबाशी, माझं दप्तर असायचं तिथे, तुमच्या जेवणाच्या डब्याचं झाकण सापडलं. एका कडेला चेपलेलं. आप्पा, पंपघरात तेव्हा कोणी नव्हतं. मग झाकण घेऊन वर का गेलात?

दिवाळीनंतर नव्या पंपवाल्याचा निरोप आला. "ताई, तुमचा दिवा कवाबी लागतोय. टाकी तर कोरडी हाय." मी टाकीवरच्या डब्याची बॅटरी काढली, ती मुठीत धरून पंपघरात आले आणि दिव्यासमोर बसले. पावणेचारला तो लागला. मी मूठ उघडून बॅटरी तिथेच असल्याची खात्री केली. पंपवाला दारात उभा होता. तो आत आला नाही.

तीन दिवस मी नदीपलीकडच्या बागा हिंडले. चौथ्या दिवशी एका द्राक्षबागेत ठिबकच्या मोटरीसाठी बसवलेला तसलाच डबा सापडला. उघडून बघितला, आठही खटके खाली. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. आळस माझा होता, त्यामुळे दिवा लागला आणि त्यामुळे तुम्ही चढलात. निदान कारण तरी मिळालं होतं. निघताना सहज विचारलं, हे बसवलं कधी? बागेचा मालक म्हणाला, "पाडव्याला, ताई. नवी वस्तू आमच्यात दिवाळीच्या पाडव्याबिगर घरात येत नाय. वायरमनलाबी नारळ फोडायला लावला." मी दोनदा विचारलं. त्याच्या बायकोनेही तेच सांगितलं. भाद्रपदात तो डबा तिथे नव्हता. त्या परिसरात दुसरा कुठला असल्याचं मला आजवर कळलेलं नाही.

टाकीवरचा डबा मी सुटा करून टाकला. पंपघरातला मात्र नाशिकच्या माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. तो सुरूच असतो. शहरात रिमोटवर उघडणारी फाटकं आहेत, मोटरी आहेत, आणि माझ्यासारखे खटके न हलवणारे लोक आहेत, त्यामुळे अधूनमधून दिवा लागतो. मी नोंद ठेवते. सात वर्षांत एकोणतीस वेळा, त्यातले अकरा पावणेचारच्या सुमाराला. उरलेले अठरा इतर वेळी, म्हणजे वेळ ठरलेली नाही. हे मी स्वतःला सांगत असते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. त्याची घडी करून डब्याखालीच ठेवणार आहे. एक खटका वर केला की दिवा कायमचा गप्प होईल, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते मी केलेलं नाही. आणि परवाच्या रविवारी, पावणेचारला, मी भांडी घासत असताना तो लागला. तुमचं चेपलेलं झाकण नेमकं हातात होतं, आणि खिडकीत ऊन होतं. कोणी बघत नव्हतं. मी झाकण उन्हात धरून एकदा फिरवलं. दिवा विझला. मी तशीच उभी राहिले. मग तो पुन्हा एकदा लागला, टेकडीवरून मी दुसऱ्यांदा आरसा फिरवायचे तसा.

बंद करायला इथे पंप नव्हता. मी नळ बंद केला.