विहिरीची नोंद आणि दुसरा दिवा

प्रिय समीक्षा,

चौथी नापास बुढी, घरात मोबाईल असून कागद काळा करून राह्यली, म्हणून हसशील. आत्ताच हसून घे.

कालपासून तुझं कॉम्पुटर वाजून राह्यलं. शेजारची बेबीताई म्हणे उंदीर असंल. कान लावला तर आवाज आतून. कट-कट, मग गप, मग पुन्हा कट-कट. शेवटच्या आठ दिवसांत तुझ्या आज्याचा श्वास असाच चालायचा. सापाले कधी भेली नाही मी, पण ह्या पेटीले भेली.

विहिरीत तार सोडली तेव्हा तू सांगितलं होतं, पाण्याचा खारटपणा दर पंधरा मिनिटाले आपोआप लिहिला जाईल, तीन वर्षं खंड पडला नाही पायजे. तुझा आजा ह्याच पाण्यानं किडन्या जाऊन मेला, हे वडनेरात कोणालेही विचार. तू म्हणाली, गावानं म्हणून चालत नाही आजी, मांडून दाखवावं लागते. मले पटलं. पंधरा दिवसांत तीन वर्षं पुरी होतात. नवरात्रातला अखंड दिवा जपावा तशी मी ती पेटी जपली. लाईट गेली तर बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकलं, पेटीवर लुगड्याचं फडकं घातलं. भगवंतराव लग्नाची यादी छापून मागायले आले, त्यांले दारातूनच वाटे लावलं.

आणि तू अकोल्याले गेल्यापासून रोज सकाळी चहा झाला की त्या बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर नक्कल. तू फोनवर विचारायची, झाली का नक्कल? मी म्हणायची, हाव, झाली.

नक्कल चालू झाली की मधातच पडद्यावर एक इंग्रजी पाटी यायची. पाटी आली तर फोन कर, असं तू बजावलं होतं. पहिल्या दिवशी तुझी परीक्षा होती, नाही केला. मधलं बटन दाबलं, पाटी गेली, काम पुढं सरकलं. वाटलं, जमलं आपल्याले. मग गावभर सांगत सुटली की नातीचं मशीन मीच चालवते. त्यानंतर कोणत्या तोंडानं विचारू?

काल छायाले बोलावलं, ग्रामपंचायतीत कॉम्पुटरवर बसते ती. ती म्हणे, नोंद ठेवायची आतली चकती मरायले आली की असं वाजते. मग तिनं पाटी वाचली. विहिरीची नोंद ज्या फाईलीत लिहिली जाते ती सदा उघडी, लिहिणं चालू असेस्तोवर तिले कुलूप, नक्कल होत नाही. आणि मधलं बटन म्हणजे तिले सोडून बाकीचं घे. पेनड्राइव्ह उघडला तर तुझे फोटो आहेत, शेताचे नकाशे आहेत. विहीर नाही. दोन पावसाळे मी रोज तेच बटन दाबलं.

छाया म्हणे, लिहिणं थांबवू, दोन मिनिटांत नक्कल होते. मी तिचं मनगट धरलं. थांबवली अन् पेटी पुन्हा उठलीच नाही तर? अन् न थांबवता ती तीन वर्षांची नोंद घेऊन आपल्या मनानं गेली तर?

देव्हाऱ्यापाशी बसली तेव्हा अक्कल आली. अखंड दिव्याची काजळी झाडायची तर आधी त्याच्यावरून दुसरा दिवा लावतात, मगच पहिल्याच्या वातीले हात लावतात. साठ वर्षं हे करून राह्यली अन् इथं सुचलं नाही. छायाले विचारलं. ती म्हणे, होते तसं; दुसरं मशीन तारेले जोडायचं, ते लिहू लागलं की मग ह्याले थांबवायचं. पण त्या तारेचं तुझ्याशिवाय कोणाले समजत नाही.

छाया तुले फोन लावून राह्यली होती, मीच थांबवलं. खोटं माझं, सांगणंही माझंच पायजे. अन् फोनवर तू विचारलं असतं तर माझ्या तोंडून पुन्हा 'हाव, झाली' निघालं असतं, मले माहीत आहे. म्हणून लिहिलं. प्रेमानंद भाजीची गाडी घेऊन अकोल्याले निघाला, त्याच्या हाती देते. दुसरं मशीन घे अन् त्याच गाडीत बस. शिव्या इथं येऊन दे. तोवर मी पेटीसमोर बसली आहे, दोन्ही हात मांडीखाली दाबून. कटकट चालू आहे तोवर बरं. मधात गप होते ना, तेव्हा जास्त भेव वाटते.

तुझीच,
सरस्वतीबाई
(आजी म्हणून सही तू आल्यावर करीन.)